पहिली पसंती : राजापूर किनाऱ्यावरच्या एका शाळेतलं प्रकरण

२७ मे २०२४ ला दहावीचा निकाल लागला. कोकण विभाग नेहमीसारखा राज्यात पहिला, ९९.०१ टक्के. आमच्या शाळेची अठराच्या अठरा मुलं पास. गावकऱ्यांच्या मुंबई मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर पेढ्यांचे फोटो पडले, मुख्याध्यापकांनी फाटकावर फलक लावला. त्या अठरांतल्या एका मुलीला ८९ टक्के होते. ऑगस्ट उजाडला तेव्हा तिला हवी असलेली जागा हातची गेली होती. गुण होते, इच्छा होती, आईचा होकारही होता. पडद्यावर दोन ओळी खालच्या वर झाल्या, एवढ्यानेच ती गेली.

मी तिचा वर्गशिक्षक. हे प्रकरण लिहून काढायचं ठरवलं, कारण स्टाफरूममध्ये ते फार लवकर 'नशीब हो, दुसरं काय' या सदरात जमा झालं. मुलीची ओळख पटू नये म्हणून काही घरगुती तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र तोच ठेवला आहे, माझी चूक धरून.

शाळा आणि मुलगी

शाळा खाडीच्या वरच्या अंगाला, जांभ्याच्या सड्यावर. जिल्हा परिषदेची शाळा सातवीला संपते, आठवीपासून मुलं आमच्याकडे येतात. अनुदानित, मराठी माध्यम, गणित-विज्ञान सेमी. राजापूरला एसटीने तास-सव्वा तास, रत्नागिरीला सागरी महामार्गाने दोन तास, तेही गाडी आली तर. खालच्या वाडीत मच्छीमारांची घरं, वरच्या वाड्यांत कुणब्यांची. दोन्हीकडचा कर्ता माणूस बहुधा मुंबईत, नाहीतर बोटीवर. त्यामुळे मुलांच्या पुढच्या शिक्षणाचा निर्णय फोनवर होतो, आणि फोनला रेंज अंगणातल्या ठरावीक फणसाखालीच मिळते.

मुलगी वरच्या वाडीतली. वडील मुंबईत एका छापखान्यात, आई उन्हाळ्यात आंब्याच्या बागेत मजुरीला आणि पावसात स्वतःच्या भाताच्या चार दळ्यांत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा ती सातवीत होती. गाव कित्येक दिवस अंधारात होतं. तिचा मामा ठेकेदाराकडे वायरमन. पडलेले खांब उभे करायला बाहेरून आलेल्या माणसांबरोबर तो रात्रंदिवस होता, आणि ही त्याला डबा पोचवायला जायची. नववीत निबंधाच्या तासाला मी सहज विचारलं, पुढे काय करणार? वर्गातून नेहमीची उत्तरं आली : पोलीस, नर्स, 'बारावी झाल्यावर बघू'. ही म्हणाली, "सर, मला खांबावर चढायचा नाय. पन लाईट येते कुठून, ता शिकायचाय."

इतकं नेमकं उत्तर मला शिक्षकीच्या एवढ्या वर्षांत फार वेळा मिळालेलं नाही. बेतही तितकाच नेमका ठरला. दहावीनंतर रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलचा तीन वर्षांचा डिप्लोमा. तो जमला की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, नाहीतर डिप्लोमावरच नोकरी शोधता येते. रत्नागिरीला तिची आत्या राहते, म्हणजे राहण्याचा प्रश्न नाही. आई एकदा शाळेत आली तेव्हा एवढंच म्हणाली, "सर, तुमीच काय ता बघा." हे वाक्य आम्ही शिक्षक फार ऐकतो आणि त्याने सुखावतो. त्याचा अर्थ किती जड आहे ते मला जुलैत कळलं.

आम्ही काय तयारी केली होती

केली होती, असं आम्हाला वाटत होतं. जानेवारीत करिअर मार्गदर्शन शिबिर झालं. मंडळाच्या ओळखीचे एक वक्ते मुंबईहून आले, दोन तास बोलले, आकाशाला गवसणी घाला म्हणाले आणि साठेक करिअरांची यादी वाटून गेले. यादी चांगली होती. तिच्यात कृत्रिम बुद्धिमत्ता होती, फॅशन डिझाइन होतं. रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे आणि मासेमारीच्या शास्त्राची पदवी तिथे मिळते, हे नव्हतं. समोर निम्मी मुलं मच्छीमारांची बसली होती.

त्याआधी, २०१६ पासून काही वर्षं, दहावीच्या मुलांची सरकारी कल चाचणी व्हायची. एका पालकांनी मुलाचा कल चाचणीचा कागद लॅमिनेट करून भिंतीवर लावलेला मी पाहिला आहे. मुलाचा कल 'तांत्रिक' होता. मुलगा बारावी कला करून घरी होता, कारण तांत्रिक म्हणजे नेमकं कुठे जायचं, अर्ज कधी निघतो, हे त्या कागदावर नव्हतं.

आमच्या तयारीचा साचा हाच होता. मुलाला स्वप्न दाखवायचं, गुण मिळवून द्यायचे आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात ठेवून 'यशस्वी भव' म्हणायचं. दाखला आणि प्रवेश यांच्या मधल्या दोन महिन्यांत जे घडतं ते आमच्या कामात कोणी धरलेलं नव्हतं. वेळापत्रकात नाही, अहवालात नाही, डोक्यातही नाही.

कागद

पहिला अडथळा जातीच्या दाखल्याचा आला, आणि तो आम्ही पार केला. तरी सांगतो, कारण याचं शेपूट अजून वळवळतं आहे.

इतर मागास प्रवर्गातून अर्ज करायचा तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचं प्रमाणपत्र, हवं. जातीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. घरात असा एकच कागद निघाला, आजोबांच्या शाळेचा. आजोबा दुसरीपर्यंत शिकलेले, आणि जातीच्या रकान्यात जुन्या गुरुजींनी बोरूने लिहिलेलं 'ति. कु.' सेतू केंद्रातला मुलगा म्हणाला, हे कोणी मान्य करणार नाही. त्यावर आणखी एक गोष्ट : आजोबांच्या कागदावर वाडीवरून पडलेलं जुनं आडनाव, वडिलांच्या कागदांवर मुंबईत गेल्यावर लावलेलं नवं. आमच्याकडे निम्म्या घरांत हे आहे. आडनाव बदलताना पुढे नातीला तंत्रनिकेतनात जायचं असेल, हा विचार कोण करतो?

मग चुलत आजोबांचा दाखला शोधला. त्यावर 'तिलोरी कुणबी' पूर्ण लिहिलेलं होतं. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र केलं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्यांचा अहवाल, त्यांच्याकडे तीन गावं, आणि लोकसभेची मतमोजणी ४ जूनला, म्हणजे तहसील कार्यालय तोवर त्यातच. नॉन-क्रिमीलेअरसाठी वडिलांनी पगाराचे कागद पाठवले. इथे एक गोष्ट बहुतेक पालकांना माहीत नसते : आठ लाखांची मर्यादा मोजताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. हे माहीत नसल्याने 'आमचा होनार नाय' म्हणून अर्जच न करणारी घरं मी पाहिली आहेत. दुसरी गोष्ट, दाखला हातात नसला तरी अर्जाच्या पोचपावतीवर नोंदणी करता येते, मूळ प्रत मुदतीत द्यायची. तसंच केलं. दाखला वेळेत आला. गुणवत्ता यादीत तिचं नाव लागलं तेव्हा मला वाटलं, जिंकलो.

लावणीचे दिवस

जुलै. विकल्प अर्ज भरायचा, म्हणजे कोणती संस्था, कोणती शाखा, कोणत्या क्रमाने, ते ऑनलाइन नोंदवायचं. मुदत मोजक्या दिवसांची. आणि आमच्याकडे जुलै म्हणजे लावणी. आई पहाटेपासून चिखलात. वडिलांना सुट्टी गणपतीतच. शाळेत संगणक कक्ष होता, पण त्याची किल्ली ज्या सरांकडे ते प्रशिक्षणाला गेलेले, आणि पहिल्या पावसात गेलेलं ब्रॉडबँड आलेलं नव्हतं. मी स्वतः दोन दिवस गावी. माझीही लावणी होती. जाताना मी तिला कागदावर तीन नावं लिहून दिली : रत्नागिरी, मालवण आणि घाटावरचं एक खासगी तंत्रनिकेतन. म्हटलं, "बाजारात जाऊन भरून ये. सोपं आहे."

ती चुलत भावाला घेऊन बाजारातल्या सायबरवर गेली. धो धो पाऊस, लाईट दोनदा गेली, मागे सातबाऱ्यासाठी रांग. सायबरवाला वाईट माणूस नाही, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. त्याने कागद पाहिला आणि आपल्या समजुतीने मदत केली. म्हणाला, "सरकारी मिळायचं नाय. खासगी वर टाकूया, म्हणजे सीट पक्की. सरकारी खाली राहू दे, मिळालं तर मिळालं." पोरीने विचारलं, सरांनी उलटं लिहिलंय. तो म्हणाला, सरांना यातलं काय माहीत. खरंच, मला पुरतं माहीत नव्हतं.

नियम असा आहे. संगणक मुलाच्या गुणांनुसार त्याच्या यादीत वरून खाली येतो आणि जी पहिली जागा मिळण्याजोगी असेल तिथे थांबतो. म्हणजे अवघड पण आवडीची संस्था वर लिहिल्याने काहीच नुकसान होत नाही. ती नाही मिळाली तर खालची तशीच्या तशी शाबूत असते. उलट सोपी जागा वर लिहिली तर ती मिळतेच, आणि खालच्या ओळी संगणक वाचतही नाही. त्यातून पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की ती आपोआप कायम होते. हजार रुपये भरून ती स्वीकारायची, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. दुसरी किंवा त्याखालची पसंती मिळालेल्या मुलाला 'अजून चांगली मिळते का पाहतो' म्हणता येतं. पहिली मिळालेल्याला ती सवलत नाही, कारण तुम्हीच म्हणाला होतात की यापेक्षा चांगलं मला काही नको.

तिला पहिली पसंती मिळाली.

घाटावरचं ते तंत्रनिकेतन वाईट नसेल. पण तिथे आत्या नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं होतं, हे मी वडिलांना फोनवर तीनदा सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, खोलीचं आणि जेवणाचं पण माफ आहे काय?" ते नव्हतं. मुलगी एकटी घाट चढून जाणार, हेही आईला पटेना. रत्नागिरीची यादी लागल्यावर मी ती उघडून पाहिली. पाहिली नसती तर बरं झालं असतं.

तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी विज्ञानाच्या जागा शिल्लक होत्या. तिथे जायला अहिल्यादेवी होळकर योजनेतून बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट. घराने पाच मिनिटांत निर्णय घेतला. आकडे मांडले तर तो चुकीचा नव्हता. पण पहाटे साडेपाचच्या गाडीत बसलेली ती पोर पहिल्या महिन्यात मला दोनदा दिसली आणि दोन्ही वेळा मी दुसरीकडे पाहिलं.

कुठे चुकलं

सायबरवाल्यावर ढकलणं सोपं होतं, आणि आमच्या बैठकीत तेच सुरू झालं. मी त्या बैठकीत म्हटलं ते इथे लिहितो. आम्ही दहावीला तीन तासांच्या पेपरसाठी वर्षभर सराव घेतो, सात-सात सराव परीक्षा घेतो. ज्या अर्जावर पुढची तीन वर्षं ठरतात त्याचा सराव एकदाही घेत नाही. तो अर्ज पोर पहिल्यांदा पाहतं ते थेट खऱ्या परीक्षेत, पावसात, अनोळखी माणसाच्या बोटाखाली. आणि त्याला सोबत कोण, तर आठवीत शाळा सोडलेला चुलत भाऊ.

एक सहकारी म्हणाले, हे शिक्षकाचं काम नाही, आधीच जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळं आपल्याच गळ्यात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. मी फक्त एवढं म्हटलं की शहरात हे काम बाप करतो किंवा क्लासवाला करतो. इथे बाप मुंबईत आहे आणि क्लास नाही. ज्यांना 'तुमीच काय ता बघा' ऐकायला आवडतं त्यांनी ते बघावं. यावर चहा आला आणि विषय संपला, पण पुढच्या वर्षी किल्ली माझ्याकडे होती.

२०२५ मध्ये काय केलं

फार मोठं काही नाही. नववीच्या दिवाळीनंतर प्रत्येक मुलाची एक फाइल. पहिलं काम, शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात आणि आधारवरचं नाव शेजारी शेजारी ठेवून वाचणं. मूल शाळेत आहे तोवर रजिस्टरमधली चूक रीतसर दुरुस्त करता येते. दाखला काढून बाहेर पडल्यावर ती दुरुस्ती मोठं लचांड होऊन बसते. पहिल्याच दिवशी पाच मुलांच्या नावांत फरक निघाला. एकाच्या आधारवर बापाचं नाव मुंबईचं, रजिस्टरवर गावचं.

जातीचे कागद दिवाळीच्या सुट्टीत शोधायचे, कारण तेव्हा चाकरमानी घरी असतात आणि म्हातारी माणसं सांगण्याच्या मूडमध्ये. मेमध्ये शोधायला गेलं तर सगळी बागेत.

मग खोटा विकल्प अर्ज. साध्या कागदावर, फेब्रुवारीत. दहा ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढे दोन प्रश्न : ही मिळाली तर खरंच जाशील का? तिथे राहशील कुठे? दुसऱ्या प्रश्नाने निम्मे कागद बदलले. मुलांनी टीव्हीवर ऐकलेली नावं खोडली आणि मामा-मावशीची गावं आठवून लिहिली. हे मला आवडलं. पसंती म्हणजे एसटीचं वेळापत्रक आणि नातेवाईकांचा पत्ता, हे त्या साठ करिअरांच्या यादीत नव्हतं.

बरं झालं हे केलं, कारण २०२५ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने झाले. आधी ही कटकट मुंबई-पुण्यासारख्या शहरांची होती. आता राजापूरच्या मुलालाही दहा पसंतिक्रम भरायचे आणि तिथेही तोच काटा : पहिल्या क्रमांकाचं महाविद्यालय मिळालं तर घ्यावंच लागतं, नाहीतर नियमित फेऱ्यांतून बाहेर. संकेतस्थळ पहिल्याच दिवशी कोलमडलं, पण आमची मुलं गडबडली नाहीत, कारण कागद तयार होता. फक्त टंकायचं बाकी होतं.

खालच्या वाडीतल्या एका मुलाचं इथेच सांगतो. त्याला बोटीवर जायचं होतं, म्हणजे मर्चंट नेव्हीत, खलाशी म्हणून. जीपी रेटिंगच्या, म्हणजे खलाशांच्या, कोर्सला दहावीत एकूण ४० टक्के लागतात आणि इंग्रजीत वेगळे ४० टक्के. साडेसतरा वर्षं वय पुरं व्हावं लागतं. त्याला एकूण ६० पडत होते आणि सहामाहीत इंग्रजीत ३६. इंग्रजीत ३५ ला पास होतो, हे आम्हीच त्याला दोन वर्षं सांगत होतो, आणि त्या जोरावर तो निवांत होता. चार गुणांसाठी समुद्र बंद होईल हे कळल्यावर त्याने इंग्रजीचं पुस्तक प्रथमच उघडलं असावं. वार्षिकला त्याला ५१ पडले. वय व्हायला वेळ आहे तोवर अकरावी करतो आहे. मध्ये एक एजंट घरी येऊन गेला, थेट जहाजावर चढवतो म्हणाला, आणि बापाने लाखाची जुळवाजुळव सुरू केलेली. नौवहन महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त संस्थांची यादी आम्ही शाळेच्या संगणकावर उघडून त्यांना दाखवली. एजंटाने सांगितलेली संस्था तिच्यात सापडली नाही. बाप काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी शाळेत सुरमई देऊन गेला.

सगळं जमलं असं नाही. कागदांच्या पाच चुकांपैकी दोन अजून तशाच आहेत. इंग्रजीचा प्रश्न तर आम्ही हातही लावलेला नाही. तंत्रशिक्षण मंडळाने द्विभाषिक सोय केली आहे, तरी पहिल्या सहामाहीत मराठी माध्यमाचं पोर वर्गात गप्प बसतं ते बसतंच. तिथे गेलेल्या आमच्या मुलांना महिन्यातून एकदा दहावीच्या वर्गाशी फोनवर बोलायला लावतो, एवढाच तात्पुरता उपाय. वक्त्यापेक्षा मुलं त्यांना जास्त प्रश्न विचारतात. मेसला काय देतात हा पहिला.

मुलगी सध्या

जून २०२५ मध्ये एक दिवस ती स्वतःहून शाळेत आली. कॉलेज सुटल्यावर, दप्तरासकट. संगणक कक्षात एक मुलगा डिप्लोमाची नोंदणी करत होता. ती त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसली. त्याचा खोटा अर्ज हातात घेतला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्या मिळाला तर जाशील ना? नक्की?" तो जरा थांबला. मग त्याने पेन्सिलने पहिली आणि तिसरी ओळ अदलाबदल केली. मी दारात होतो, आत गेलो नाही.

आता ती बारावीत आहे. एमएचटी-सीईटी, म्हणजे अभियांत्रिकी पदवीची प्रवेश परीक्षा, देणार आहे, गणिताच्या गटातून. २०० गुणांची परीक्षा, चुकीला गुण कापत नाहीत, अकरावीवर २० टक्के आणि बारावीवर ८०. इलेक्ट्रिकलच हवं आहे. तिला मी म्हटलं की बारावी विज्ञानानंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं, रत्नागिरी अजून संपलेली नाही. ती म्हणाली, तो कागदावर चौथा आहे, आधी वरचे तीन बघू.

पदवीच्या राखीव जागेसाठी जात पडताळणी लागते. महाविद्यालयामार्फत प्रस्ताव ऑगस्टमध्येच पाठवला आहे, बारावीच्या निकालाची वाट न पाहता. परवा तिच्या आईच्या मोबाइलवर संदेश आला : प्रकरणात त्रुटी, अर्जदाराच्या आजोबांच्या शालेय अभिलेखातील 'ति. कु.' या नोंदीचा खुलासा सादर करावा.

सोमवारी सकाळच्या गाडीने आम्ही रत्नागिरीला चाललो आहोत. चुलत आजोबांचा मूळ दाखला प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घातला आहे.